पक्कड आणि खोबरेल

मी आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंमध्ये खोट काढली आणि त्याबद्दल मला दर महिन्याला पगार मिळाला. पुष्कळ लोक हेच काम फुकट करतात. नगरच्या एमआयडीसीत हातअवजारं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर आणि शेवटची काही वर्षं खिशात मावणारी मल्टीटूलं माझ्या टेबलावरून जात. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण माझी नोकरी नगरमध्ये झाली, त्यामुळे लिहिताना तेच येतं.

आमच्या देवळाली प्रवरेत ‘इन्स्पेक्टर’ म्हटलं की लोकांना एकच खातं सुचतं. निवृत्त होऊन गावी आलो आणि थोड्याच दिवसांत शेजारच्या गल्लीत भांडण जुंपलं. दोघं जण मला बोलवायला धावत आले. “साहेब, तुमी नुसतं हुभं ऱ्हा.” मी जाऊन उभा राहिलो. भांडण मिटलं. मग भांडणातली काठी हातात घेऊन पाहिली. ती आतून किडलेली होती, आणि तसं मी दोन्ही बाजूंना सांगितलं. तेव्हापासून गावात कुणी नवी वस्तू घेतली की ती आधी माझ्या ओट्यावर येते. मिक्सर, कुलूप, विळा, एकदा तर जावयासाठी आणलेली अंगठी. अंगठीतलं मला काही कळत नाही, पण खडा हलत होता एवढं मी सांगितलं, आणि त्या घरानं माझ्याशी बोलणं सोडलं.

सगळ्यात जास्त येतं ते मल्टीटूल. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही एक घडीची पक्कड असते. तिचे दोन्ही दांडे पोकळ असतात आणि त्या पोकळीत चाकू, छोटी करवत, कानस, स्क्रू ड्रायव्हर, डबा उघडायचं पातं, बाटली उघडायचं पातं अशी पाती दुमडून बसवलेली असतात. आमच्याकडे तिला ‘बारा भानगडींची पक्कड’ म्हणतात. चांगली असते ती महाग असते. आपल्याकडे येते ती स्वस्तातली, कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या काळ्या पाकिटासकट. घेणारा पहिला प्रश्न विचारतो, “यात काय काय हाय?” मी त्याला म्हणतो, ते मोजू नकोस. स्वस्त वस्तूत भानगडी जितक्या जास्त, तितकं एकेकीच्या वाट्याला लोखंड कमी. बनवणाऱ्यानं कुठंतरी हात आखडलेलाच असतो. कुठं आखडला ते शोधायचं आणि आपल्या कामाला त्यानं बाध येतो का ते पाहायचं. माझ्या नोकरीत याहून जास्त काही नव्हतं.

शोधायची रीतही सोपी आहे. पक्कड मिटून उजेडाकडे धरायची. दोन्ही जबड्यांच्या टोकांमधून उजेड दिसला तर ती तार धरणार नाही, नुसती चावेल. मग चाकूचं पातं उघडून चिमटीत धरायचं आणि डावी-उजवीकडे हलवायचं. थोडं हललं तर चालतं. दार वाऱ्यानं हलतं तसं हललं तर ठेवून द्यायचं. पात्यावर कानस फिरवायची. कानस घसरली तर पातं कडक आहे, चावली तर मऊ. दांड्यांच्या कडांवरून अंगठा फिरवायचा, कारण बनवणाऱ्यानं कडा घासल्या नसतील तर पक्कड दाबताना तळहात कापतो. शेवटी मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवायचं आणि सकाळी गंज कुठं आला ते पाहायचं. फडकं घरातलं घेऊ नये. हे मला सौ.नी शिकवलं.

लोकांना यातलं काहीच मान्य नसतं. त्यांना लोहचुंबक पाहिजे असतं. एकजण घरून चुंबक घेऊन आला, पात्याला लावलं, ते चिकटलं, आणि “बघा, स्टील न्हाई, नुसतं लोखंड हाय, फसवलं मला” म्हणून तिथंच डोकं धरून बसला. मी त्याला समजावलं की बाबा, चाकूचं चांगलं स्टील चुंबकाला चिकटतंच. जे चिकटत नाही ते ताटा-वाट्यांचं, त्याला धार टिकत नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग परत करू ना?”

माझ्या कामातला एकच खरा गुरू मला कारखान्याबाहेर भेटला, तोही म्हशींच्या बाजारात. घोडेगावला जनावरांचा बाजार भरतो. तिथं हनीफभाई म्हणून माझ्या ओळखीचे म्हशींचे व्यापारी आहेत. एकदा भावाबरोबर म्हैस बघायला गेलो असताना हनीफभाईंनी खिशातून बारा भानगडींची पक्कड काढून माझ्या हातात दिली. मी सवयीनं ती उजेडाकडे धरली.

“दात बघताय व्हय?” हनीफभाई म्हणाले. “आमी बी त्येच बघतो.”

“दात ठीक आहेत,” मी म्हणालो. “पण उघडते फार छान. एवढ्या किमतीत एवढी छान उघडायला नको.”

त्यावर त्यांनी समोरच्या एका म्हशीकडे बोट केलं. तिची कातडी तेल चोपडून आरशासारखी केली होती. “काका, जी म्हस लई चमकती ना, तिचे खूर आधी बघायचे. तेल लावलंय म्हंजी कायतरी झाकलंय. आन् काय झाकलं नसंल तरी इचारायचं, का लावलं.”

भावानं ती म्हैस घेतली नाही. खुरात व्रण होता. हनीफभाईंच्या पकडीचं पाहिलं तर रिव्हेट ढिले होते, म्हणून ती छान उघडत होती. रिव्हेट म्हणजे पाती दांड्यात धरून ठेवणारी खीळ. ती आवळून बसवली तर पातं घट्ट उघडतं, सैल बसवली तर मऊ उघडतं आणि पुढं आपोआप लटकतं. गिऱ्हाइकाला दुकानात मऊ आवडतं. घरी गेल्यावर घट्ट आवडतं.

आता मंगलची गोष्ट सांगतो. खरं तर तिच्यासाठीच हे लिहायला बसलो.

मंगल आमच्या मागच्या आळीतली. तिनं गावातल्या बायकांचा बचत गट उभा केला होता. आधी पापड, मग मसाले, आणि दोन्हीत शेजारच्या गावांतले गट पुढं गेले तेव्हा तिनं नगरच्या एका ठेकेदाराकडून मल्टीटूल जोडायचं काम आणलं. सुटे भाग तिकडून यायचे. तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका पाती रचायच्या, हातप्रेसवर रिव्हेट मारायच्या, तेल सोडायच्या, पुसून डब्यात भरायच्या. तिच्या सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी शेडच्या दारात येऊन सांगितलं होतं, “लोखंड ह्ये बायांचं काम न्हाई.” मंगलनं त्यांना आत बोलवून विळीवर बसवल्यासारखं हातप्रेसपुढं बसवलं. एक रिव्हेट त्यांनी वाकडा मारला. नंतर ते दारात आले नाहीत.

पहिलं मोठं काम मिळालं ते गावच्याच दूध संस्थेचं. दिवाळीला संस्था प्रत्येक दूध घालणाऱ्याला भेट देते. एरवी स्टीलचा डबा असतो. त्या वर्षी चेअरमन अण्णांनी मल्टीटूल द्यायचं ठरवलं, आणि त्यामागं कारण होतं. आदल्या हिवाळ्यात पहाटे त्यांची स्वतःची गाय दाव्यात अडकली. पाय दाव्यात, दावं मानेला, आणि गाय खाली पडलेली. गाठ आवळली होती, सुटेना. अण्णा विळा आणायला घरात पळाले. विळा सापडून परत येईपर्यंत गाय गेली. त्यानंतर अण्णा भेटेल त्याला एकच सांगत, “गोठ्यात जानाऱ्याच्या खिशात चाकू पायजे. घरात असून उपेग न्हाई.” म्हणून ही भेट. मंगलसाठी त्यात तिचा गट पणाला लागला होता. हे काम नीट गेलं तर ठेकेदार वर्षभर काम देणार होता. नाही गेलं तर तो हातप्रेस उचलून नेणार होता, आणि त्या बायका पुन्हा उसातल्या खुरपणीला जाणार होत्या. मंगलनं प्रत्येकीच्या घरी जाऊन नवऱ्याला आणि सासूला शब्द दिला होता की हे टिकेल.

तिनं मला माल तपासायला बोलावलं. “काका, कारखान्यात तपासायचे तसंच तपासा. गावची म्हनून सोडू नका.”

मी तपासलं. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन, वर पत्रा, आत चुलीसारखी धग. जबडे जुळत होते. पाती हलत नव्हती. कडा घासलेल्या होत्या, आणि कारखान्यातल्या पोरांपेक्षा चांगल्या घासलेल्या होत्या. रिव्हेट घट्ट होते. तरीही पातं नखानं हलकं ओढलं की लोण्यातून निघाल्यासारखं बाहेर येत होतं. घट्ट रिव्हेट आणि मऊ पातं, दोन्ही एकत्र, एवढ्या किमतीत, मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. मला हनीफभाई आठवले. एक नग खिशात टाकून घरी आणला. अण्णांनीही त्याच दिवशी येऊन सँपल म्हणून एक नग नेला होता. पुढं ते गावभर तो नग उघडून-मिटून दाखवत फिरत होते.

घरी सौ. म्हणाल्या, “तुमच्या सदऱ्याला खोबरेलाचा वास कुठून येतोय?”

या प्रश्नाचं उत्तर नवऱ्यानं विचार करून द्यावं. मी खिशातून पक्कड काढून त्यांच्या नाकापुढं धरली.

“अगंबाई, ही कुणाच्या डोक्याला लावली होती?” त्या म्हणाल्या.

मी ती पक्कड फ्रीजमध्ये सायीच्या भांड्याशेजारी ठेवली. घरात थोडा वाद झाला. सकाळी काढली. नखानं ओढून चाकू निघेना. दुसऱ्या हातानं जोर लावला तर नख मुडपलं, शेवटी पक्कड गुडघ्यात धरून ओढली तेव्हा पातं कसंबसं बाहेर आलं, आणि त्याच्या सांध्यात पांढरी रेघ दिसली. खोबरेल गोठलं होतं. डिसेंबरात पहाटे आमच्याकडे बाटलीतलं खोबरेल चुलीपाशी ठेवल्याशिवाय निघत नाही, हे गावातल्या पोरालाही माहीत आहे. गोठ्यात त्या वेळी फ्रीजइतकी नाही, पण खोबरेलाला पुरेल एवढी थंडी असते.

शेडमध्ये गेलो आणि मंगलला बाजूला घेऊन विचारलं. तिनं लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे हे तिला माहीतच नव्हतं.

“ठेकेदारानी दिल्यालं तेल लई वास मारतं, काका. हाताला बसतं. साबन लावा, राख लावा, जात न्हाई. घरी जाऊन भाकरी थापली का भाकरीला वास. ह्या आमच्या शोभाच्या सासूनी ताट सारून दिलं. मंग मी म्हनलं, तेल ते तेल. खोबरेल हातालाबी चांगलं. आन् बघा की, कसं लोन्यावानी उघडतंय.”

“बघितलं,” मी म्हणालो, आणि फ्रीजची गोष्ट सांगितली.

ती शेडच्या कट्ट्यावर बसली. हातातला नग तिनं उघडून-मिटून पाहिला. डब्यांची रास भिंतीला लावून ठेवली होती, रंगीत कागदात बांधलेली, वर ‘शुभ दीपावली’. वाटप तीन-चार दिवसांवर आलं होतं. बायका काम थांबवून आमच्याकडं बघत होत्या. मला वाईट वाटलं. कारखान्यात लॉट रिजेक्ट केला की मी कागदावर शिक्का मारून चहाला जायचो. तिथं कुणी माझ्याकडं असं पाहिलं नव्हतं.

“आता हे सगळं फोडायचं का?” मंगलनं विचारलं.

रिव्हेट फोडता येत नाहीत. फोडले तर पाती वाया. मी म्हणालो, “फोडायचं नाही. धुवायचं. खोबरेल गरम पाण्यात वितळतं. गरम पाणी आणि सोडा. पण नंतर पूर्ण वाळलं पाहिजे, नाहीतर गंज येईल.”

त्यानंतर जे झालं ते माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं. दिवाळीसाठी घासूनपुसून ठेवलेले घराघरांतले पाण्याचे बंब शेडपुढं आले. पाणी तापलं. डबे उघडले गेले आणि सगळ्या पकडी पाती उघडून घमेल्यात पडल्या. एक म्हातारी बाई म्हणाली, “नरकचतुर्दशीच्या आदीच आंगूळ घालताय व्हय यांना?” शोभा म्हणाली, “उटनं लावू का?” सगळ्या हसल्या. मंगल हसली नाही. ती एकेक नग गरम पाण्यातून काढून सांधा वर-खाली करून पाहत होती, आणि तवंग दिसला की परत पाण्यात सोडत होती. मग धुतलेले नग लाकडाच्या कोरड्या भुश्यात घोळले, उन्हात पत्र्यावर पसरले. ठेकेदाराचंच तेल सोडायला मी जनावरांच्या दवाखान्यातून नव्या कोऱ्या इंजेक्शनच्या नळ्या आणल्या. प्रत्येक सांध्याला सुईनं एकच थेंब, हाताला तेल लागायचा प्रश्नच नाही. हे ठेकेदारानं आधीच द्यायला हवं होतं. त्याच्या बायकोची भाकरी कुणी सारली नसावी.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तपासलं. माल उत्तम होता. फक्त पातं आता थोडं घट्ट उघडत होतं. नवा घट्ट रिव्हेट असाच उघडतो, आठवडाभर वापरला की सैलावतो. मी ओके म्हणालो. मंगलनं तोंडावरून पदर फिरवला आणि चहा ठेवायला सांगितलं.

माल घेऊन आम्ही दूध संस्थेत गेलो. संकलन चालू होतं, कॅन आपटत होते. अण्णांनी वरचा एक डबा उघडला, नग काढला, चाकू ओढला. भुवया चढल्या. दुसरा डबा उघडला. तिसरा. मग खिशातून आपलं सँपल काढलं. दोन-तीन दिवस ते त्यांच्या अंगाच्या उबेत होतं. चाकू फुलासारखा उघडला.

“मंगलताई,” अण्णा म्हणाले, “ह्यो नग बघा आन् ह्यो बघा. सँपल दावताना लोनी आन् माल देताना दगड? ह्ये बरं न्हाई. आमच्या गोठ्यात ह्ये असं घट्ट चालायचं न्हाई. तुमाला म्हाईत हाय, ह्ये कशासाठी घेतोय ते.”

संस्थेचा सेक्रेटरी, दूध घालायला आलेली माणसं, सगळी ऐकत होती. मला दिसत होतं की अण्णा नाही म्हणतील, हातप्रेस परत जाईल, आणि तेही चांगल्या मालापायी. माझ्या मनात एक वाक्य तयार झालं. मी सांगणार होतो की ते सँपल इथलं नाहीच, ठेकेदारानं दाखवायला म्हणून बाहेरून आणलेलं, त्याची गोष्ट वेगळी. इन्स्पेक्टरचा शब्द, अण्णांनी मानला असता. निरुपद्रवी खोटं होतं. मी घसा साफ केला.

“अण्णा,” मंगल म्हणाली, “तुमच्या खिशातला नग खोटा हाय. त्यो मीच केलाय.”

कॅन आपटायचे थांबले.

“त्यात मी खोबरेल सोडलंय. मशिनच्या तेलाचा हाताला वास येत हुता म्हनून. सगळ्याच मालात सोडलं हुतं. काकांनी धरलं, मंग धुऊन काढलं. तुमच्या खिशातला ऱ्हायला. त्यो थंडीत उघडायचा न्हाई.”

“खोबरेल,” अण्णा म्हणाले. त्यांना ते पटलेलं नव्हतं. त्यांनी पक्कड नाकाला लावली, सेक्रेटरीच्या नाकाला लावली. मग पुन्हा उघडून पाहिली. ती उघडली.

“कुलरमधी ठिवा,” मंगल म्हणाली. “दोन्ही ठिवा. आन् मंग बोला.”

संस्थेत दूध थंड ठेवायचा मोठा कुलर आहे. त्याच्यालगत बर्फाच्या पाण्याची टाकी असते. सेक्रेटरीनं दोन्ही नग दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून, तोंड बांधून, दोरीनं टाकीत सोडले. आम्ही उभे राहिलो. कुणी चहा मागवला नाही. अण्णांनी दोनदा दोरी हलवून पाहिली, माशाला गळ लावल्यासारखी.

पिशवी काढली तेव्हा अण्णांनी आधी आपलं सँपल घेतलं. नखानं ओढलं. पुन्हा ओढलं. दोन्ही हातांनी धरून, ओठ दाबून ओढलं. नखाच्या कडेनं रक्त आलं. चाकू थोडा वर उचलला गेला आणि तिथंच थांबला. मग अण्णा ओढायचे थांबले आणि त्या अर्धवट उघडलेल्या पात्याकडं बघत राहिले. सगळ्या गावाला त्यांच्या गाईचं माहीत होतं. मलाही त्या क्षणी खूप वाईट वाटलं, आणि मी दुसरीकडं पाहिलं.

त्यांनी दुसरा नग घेतला. थोडा जोर लागला. चाकू उघडला.

अण्णांनी विचारलं, “ताई, तुमी सांगितलं नसतं तर?”

“तर तुमी पह्यल्यासारखाच माल मागितला असता,” मंगल म्हणाली. “मी आजच्या आज पुन्हा खोबरेल सोडून दिला असता. तुमी खूश झाला असता.”

अण्णा हसले नाहीत. त्यांनी सेक्रेटरीला सांगितलं, “सगळे नग टाकीत सोडा. एकूनएक. थंड करून जो उघडंल त्यो घ्यायचा, न्हाई उघडंल त्यो ताईंना परत. मी इथं बसतो.” आणि ते खरंच खुर्ची ओढून बसले. दिवसभर पिशव्या आत गेल्या आणि बाहेर आल्या. मंगल, शोभा आणि मी ओल्या हातांनी चाकू ओढत होतो, पुसत होतो, पुन्हा एकेक थेंब तेल सोडत होतो. काही नग नापास झाले. त्यांच्या सांध्यात खोबरेल राहिलं होतं. ते मंगलनं स्वतःच बाजूला काढले, कुणी सांगायच्या आधी. बाकीचे अण्णांनी घेतले, आणि शेवटचा नग घेऊन त्यांनी तो आपल्या खिशात टाकला. जुनं सँपल मंगलनं परत मागून घेतलं.

ठेकेदाराकडून पुढचं काम आलं. हातप्रेस अजून शेडमध्ये आहे. अण्णांच्या गोठ्यात त्या हिवाळ्यात काही झालं नाही, आणि झालं नाही हे ते भेटेल त्याला सांगतात.

त्या दिवशी संस्थेतून परत येताना मंगल माझ्याशेजारून चालत होती. तिच्या बोटांच्या टोकांना पाण्यानं सुरकुत्या पडल्या होत्या. वळणावर ती थांबली.

“काका, मी बोलायच्या आदी तुमी घसा साफ केला. तुमी काय बोलनार हुता?”

“काही नाही,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पक्कड उजेडाकडे धरून पाहतो, तसं.

“बरं झालं न्हाई बोलला,” ती म्हणाली आणि घराकडं वळली.